पाहुण्यांचा भात

पुण्याच्या मांजरी भागातल्या त्या सोसायटीच्या फाटकाशी पिकअप पोचली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, आणि वॉचमन तिला आत सोडायला तयार नव्हता. त्याच्या फोनमधल्या ॲपमध्ये भाजीवाला, कुरिअर, कामवाली आणि पाहुणे एवढेच चार प्रकार होते. डोंगरातून साठ पोती तांदूळ घेऊन आलेलं नवराबायकोचं जोडपं आणि त्यांचा ड्रायव्हर यांतल्या कुठल्या खान्यात बसवायचे, हे त्याला कळेना. शेवटी आतून आम्रपाली धावत आली आणि म्हणाली, "दादा, पाहुणे लिहा." त्याने पाहुणे लिहिलं आणि दांडा वर केला.

आम्रपाली येरवड्याची. कॉलेज संपल्यावर ती एका छोट्या संस्थेत लागली होती. डोंगरातल्या शेतकऱ्याचा माल मधल्या दलालाशिवाय थेट शहरात विकून द्यायचा, हे त्या संस्थेचं काम. निदान पत्रकात तरी तसं छापलेलं होतं. प्रत्यक्षात तीन वर्षं आम्रपालीने पाहण्या केल्या, अहवाल लिहिले आणि नाचणीच्या शेतात उभं राहून फोटो काढून घेतले. विकला एक दाणाही नव्हता. यंदा मात्र तिने हट्टाने एकच गाव धरलं. पानशेत धरणाच्या पाण्यापलीकडचं कातळदरा, बत्तीस घरांचं. तिथे डोंगरउतारावर तांबडा भात होतो. त्याचा तांदूळ पॉलिश न करता खाल्ला तर शुगरवाल्यांना चांगला, असं शहरात सगळे म्हणतात आणि त्यासाठी चढा भाव मोजतात.

गिऱ्हाईकही तिनेच शोधलं. या सोसायटीतली चैताली आयटीत होती आणि तिथल्या 'हेल्दी लिव्हिंग' ग्रुपची ॲडमिन होती. आम्रपालीने नेलेला नमुन्याचा तांबडा तांदूळ तिने शिजवून लोकांना खायला घातला. एकशे ऐंशी घरांनी नावं दिली. क्लबहाऊससमोरची जागा मिळाली. "पहिला रविवार नीट गेला तर दर महिन्याला," चैताली म्हणाली होती, "आणि नाही गेला तर ही जागा मागणारे कोकणवाले लाइनमध्ये आहेतच."

तिकडे कातळदऱ्यात दर वर्षी दिवाळीनंतर एक व्यापारी पाण्याच्या कडेपर्यंत गाडी आणायचा आणि देईल त्या भावात सगळ्या गावाचा भात उचलायचा. यंदा गावातल्याच दशरथने घरोघर फिरून सांगितलं, आपल्याला थेट पुण्याला जायचंय, त्याला कुणी देऊ नका. गावाने ऐकलं. व्यापारी रिकामी गाडी घेऊन गेला आणि जाताना सांगून गेला की पुन्हा या वाटेला येणार नाही. म्हणजे बत्तीस घरांचं सबंध वर्ष त्या पिकअपमध्ये होतं, आणि ते आम्रपालीच्या शब्दावर होडीतून पाणी ओलांडून इथवर आलं होतं.

दशरथने पहिलं पोतं पाठीवरून खाली घेतलं आणि सुतळी ओढली. आम्रपालीने आत हात घातला. तांदूळ पांढरा होता.

पांढरा म्हणजे पांढराफेक. तुटका, गुळगुळीत. तिला वाटलं पोतं बदललं असेल. तिने दुसरं सोडायला लावलं, मग तिसरं. तिसऱ्यातही पांढराच होता. दशरथ मात्र मुलगी दाखवताना बाप उभा राहतो तसा उभा होता, थोडा बाजूला आणि तिच्या तोंडाकडे बघत.

"कसाय?" त्याने विचारलं. "गिरनीवर दोन येळा काढलाय. एकदा काढला तर लाली ऱ्हाती. गिरनीवाला म्हनला, कनी पडंल. म्हनलं, पडू दे. पुन्याची मानसं खानार, त्येंना तांबडा कसा द्यायचा?"

"बायांनी गटातनं पैकं घातलं गिरनीला," इंदुबाई म्हणाली. ती दशरथची बायको, गावातल्या बचतगटाची अध्यक्ष. "आन साठ पोती व्हईनात, मग खायाला ठिवलेला बी घातला त्यात. घरात आता निस्ता बियाचा हाय. आमी काय, खाऊ नाचनी."

"आणि कोंडा?" आम्रपालीने विचारलं. का विचारलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"त्यो गिरनीवाल्यानं ठिवून घेतला. म्हशी हायेत त्याच्या."

म्हणजे ज्या कोंड्यासाठी चैतालीच्या ग्रुपवर एकशे ऐंशी माणसांनी अंगठे उंचावले होते, तो पानशेतजवळच्या कुठल्याशा गोठ्यात म्हशी खात होत्या. त्यांना शुगर नव्हती, पण त्याला आम्रपाली तरी काय करणार?

तिने त्यांना तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण ते दोघं एवढ्या कौतुकाने बघत होते की तिची जीभ उचलली नाही. आणि दुसरंही एक होतं. हे असं का झालं, ते तिला त्या तिसऱ्या पोत्यापाशीच कळलं होतं.

मे महिन्यात ती पहिल्यांदा कातळदऱ्याला गेली होती. दोन तास चढून, घामाघूम होऊन. इंदुबाईने नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आम्रपालीने सांगितलं आणि सवयीने वाट बघत राहिली. आधीच्या तीन वर्षांत, बऱ्याच गावांत, आडनाव सांगितल्यावर चहा कागदी कपात आला होता. बसायला ओसरी मिळाली होती, आणि एका ठिकाणी तर तिला एकटीला शाळेचं बाकडं आणून दिलं होतं, मानाने. इंदुबाई मात्र म्हणाली, "चला आत," आणि तिला सरळ चुलीपाशी घेऊन गेली. आपल्याच ताटांपैकी एक ताट तिच्यापुढे ठेवलं आणि शेजारी मांडी घालून बसली.

चुलीपाशी दोन भांडी होती. एक मोठं, काळं, झाकलेलं. दुसरं लहान, घासूनपुसून लखलखीत केलेलं. लहान भांड्यातला भात आम्रपालीच्या ताटात पडला, पांढरा. दारात मुलं जेवत होती, त्यांच्या ताटात तांबडा होता. आम्रपालीला ते दिसलं होतं. न दिसायला ती काय आंधळी होती? तिच्याच घरी, येरवड्याला, लहानपणी रोज रेशनचा जाडा तांदूळ शिजायचा आणि पत्र्याच्या डब्याच्या तळाशी फडक्यात बांधलेला किलोभर चांगला तांदूळ पाहुण्यांसाठी असायचा. आई तो काढायची तेव्हा आम्रपाली आणि तिचा भाऊ पाहुण्याच्या ताटाकडे टक लावून बघायचे. तो पांढरा भात दुकानातून विकत आणलाय, आपल्यासाठी आणलाय, आणि ज्याच्यासाठी आपण एवढा डोंगर चढून आलो तो त्या काळ्या भांड्यात आहे, हे तिला पहिल्या घासालाच समजलं होतं.

तरी ती बोलली नाही. 'मला तुमच्यातलाच द्या' हे तीन शब्दांचं वाक्य तिला बोलता आलं नाही, कारण ती आनंदात होती. तिने दोनदा भात मागून घेतला आणि म्हणाली, "असा भात मी पुण्यातही कधी खाल्ला नाही." ते भाताबद्दल नव्हतंच. पण गावाने ते भाताबद्दल आहे असं धरलं, आणि दुसरं काय धरणार? निघताना तिने पिशवीभर तांबडा नमुना मागितला, तेव्हा दशरथला वाटलं, माती नेतात तसा हा तपासणीला नेत असतील.

पुढे फोनवर ती सांगत राहिली, "माल एक नंबर आणा, स्वच्छ करून आणा, ही माणसं चोखंदळ आहेत." एवढं बोलेपर्यंत रेंज जायची. गावाने एक नंबर माल आणला होता.

आठ वाजता लोक उतरायला लागले. क्लबहाऊसच्या कठड्यावर चैतालीने शनिवारीच मोठा फलक लावून ठेवला होता. त्याच्याखाली टेबलं, त्यामागे पोती आणि पोत्यांपाशी फलकाकडे पाठ करून दशरथ. आलेला माणूस फलक वाची, पोत्यात बघी, पुन्हा फलक वाची. आणि पुणेकर गप्प बसून घरी जाईल हे शक्य नव्हतं.

"लाल म्हणाला होतात ना?" एका बाईंनी विचारलं. "का डोंगर उतरताना उन्हाने रंग उडाला?"

एका निवृत्त गृहस्थांनी चार दाणे तळहातावर घेऊन चष्म्याच्या वरून आणि खालून पाहिले. "हा आमच्या वाण्याकडेही असतो. तो घरपोच देतो, आणि वर कढीपत्ता फुकट."

"काका, हाताने पिकवलेला आहे, खत नाही, फवारणी नाही," आम्रपाली म्हणत होती. ते खरंच होतं. पण ते फलकावर नव्हतं, आणि लोक फलकावरचं घ्यायला आले होते. काहींनी तोंडदेखला एकेक किलो घेतला. बाकीचे कापडी पिशव्या घड्या करून परत गेले.

चैताली तिला बाजूला घेऊन गेली. "आम्रपाली, हे काय आहे? मी लोकांना सॅम्पल खायला घातलंय. आता सगळे मला टॅग करतायत. मी काय सांगू? प्रॉडक्ट चेंज झालं म्हणून?"

"माझी चूक आहे," आम्रपाली म्हणाली.

"चूक कुणाचीही असू दे गं, पण नाव माझं जातंय ना." हेही खरं होतं. चैताली वाईट नव्हती. तिने स्वतःसाठी पाच किलो घेतला आणि तो तिच्या घरात कुणी खाणार नव्हतं.

दशरथला काही उमगत नव्हतं. "ताई, लोक बगून माघारी का जात्यात? भाव जास्त झाला का? कमी करू की."

"बघू," आम्रपाली म्हणाली. अकरा वाजता त्याने पुन्हा विचारलं आणि ती पुन्हा बघू म्हणाली. बारा वाजेपर्यंत दोन पोती संपली होती आणि अठ्ठावन्न होती तशी होती.

इंदुबाईने पिकअपच्या मागे, सावलीत, फडकं अंथरलं. आम्रपालीला हाक मारली आणि तिच्या हातात एक स्टीलचा डबा दिला. "तुमच्यासाठी येगळा केलाय. पांढरा. त्या दिशी आवडला व्हता ना." स्वतःसाठी आणि दशरथसाठी तिने दुसरा डबा उघडला, लोकांकडे पाठ करून, शक्य तितका अंगाआड धरून. त्यात मडक्याच्या तळाला राहिलेला शेवटचा तांबडा भात होता, वर लसणाची चटणी.

आम्रपाली डबा हातात धरून तशीच उभी राहिली. नेमकी तेव्हाच चैताली आली. क्लबहाऊसमध्ये दोन वाजता कुणाचा तरी वाढदिवस होता, त्यामुळे एकपर्यंत जागा मोकळी करून द्याल का, एवढंच विचारायला ती आली होती. तिची नजर खाली गेली.

"अहो, हाच!" ती ओरडली. "हाच तर पाहिजे होता! शैला, अगं इकडे ये, हा बघ!"

तिघीचौघी आल्या. वाकून त्या उष्ट्या भाताकडे बघायला लागल्या. एकीने फोन काढला. उघड्यावर अंघोळ करताना कुणी यावं तसा इंदुबाईने झर्रकन डब्यावर पदर ओढला.

"ह्यो आमचा खायाचा हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा शरमेने उतरला होता. "तुमचा चांगला तिकडं हाय."

दशरथने हातातला घास डब्यात परत ठेवला. तो उठला, वळला आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याने तो फलक पाहिला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. त्याने सावकाश, एकेक शब्द लावून वाचलं. "डोंगरातला... तांबडा तांदूळ. विना... पॉलिश."

"ताई, ह्ये कवापासनं लावलंय?"

"काल लावलं."

"आन तुमाला कवापासनं ठावं व्हतं?"

मग आम्रपालीने सगळं सांगितलं. पॉलिश केल्याने काय जातं, लोकांना काय हवं होतं, पैसे कशाचे होते. दशरथ ऐकत राहिला आणि ऐकताना अठ्ठावन्न पोत्यांकडे बघत राहिला. बोलली ती इंदुबाई.

"मग त्या दिशी बोलला का न्हाई? तुमच्या म्होरं पोरं तांबडा खात व्हती. तुमी दोन येळा पांढरा मागून घेतला. पुन्यात बी खाल्ला न्हाई म्हनलात."

"तुम्ही मला चुलीपाशी बसवलंत," आम्रपाली म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आज आपला नाही हेही कळत होतं. "आडनाव सांगितल्यावर मला कुणी आत घेत नाही. तुम्ही घेतलंत. मला दुसरं काही सुचलंच नाही."

इंदुबाईला हे समजलं नाही. ती खरोखरच गोंधळून बघत राहिली. "आवं, भायेर ऊन व्हतं," ती म्हणाली. "दुसरं कुटं बसवनार?"

चैताली अजून तिथेच होती. तिने घाईघाईने मधला मार्ग काढला. "हे बघा, असा तुमच्याकडे जेवढा असेल तेवढा पुढच्या रविवारी आणा. मी कमिटीला कसंतरी पटवते. पण हा लास्ट चान्स हं."

"हाय की," दशरथ लगेच म्हणाला. "बत्तीस घरांचा मिळून चार-पाच पोती निघंल."

इंदुबाईने त्याच्याकडे पाहिलं. "आवं, त्यो बियाचा हाय," ती अगदी हळू म्हणाली. दशरथने ऐकलं नाही असं दाखवलं.

आणि इथे आम्रपाली बोलली. मे महिन्यात जी वाचा गेली होती ती आता आली. "नाही, चैताली. तो मिळणार नाही. तो पेरायचा आहे. तो विकला तर पुढच्या वर्षी तांबडा भातच उरणार नाही."

"ओके," चैताली म्हणाली. ती जराशी सुटल्यासारखी वाटली. "मग मी कोकणवाल्यांना हो कळवते. सॉरी हं काका." आणि ती फुगे आले का बघायला गेली.

दशरथने पोत्यांची तोंडं बांधली, एकेक करून, सकाळच्याच सुतळीने. अर्धी पोती गाडीत चढल्यावर तो आम्रपालीपाशी आला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"बोलायचं व्हतं तवा गप बसलात," तो म्हणाला. "आन आता माज्या तोंडातलं काडून बोललात. बी माजं हाय. इकायचं का पेरायचं, म्या ठरवलं असतं. गावाला काय त्वांड दाखवू, त्ये बी मलाच ठरवायचं हाय ना?"

"संस्था काहीतरी करेल," आम्रपाली म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःची लाज वाटली.

त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्याने नाव बघितलं. गावातून होता. किती वाजता निघणार, काय भाव लागला, हे विचारायला बत्तीस घरांपैकी कुणीतरी रेंजसाठी वरच्या टेपाडावर चढून उभं असणार. दशरथने फोन तसाच वाजू दिला. मग तो ड्रायव्हरच्या हातात दिला. "गाडीचा आवाज हाय, ऐकू येत न्हाई म्हन."

पिकअप फाटकाबाहेर गेली. वॉचमनने ॲपमध्ये पाहुणे गेल्याची नोंद केली. आम्रपालीच्या हातात स्टीलचा डबा तसाच होता. तो परत द्यायला ती मागे धावली होती, तेव्हा खिडकीतून इंदुबाई म्हणाली होती, "ऱ्हाऊ द्या. तुमच्यासाठीच केलता. खावा, नासंल." त्यात राग नव्हता. तिकडे घरी आलेल्या माणसाला उपाशी धाडत नाहीत, तेवढंच होतं ते.

येरवड्याला पोचली तेव्हा तीन वाजले होते. तिची आई चंपाबाई ओट्यापाशी उभी होती. तिने डबा उघडला आणि म्हणाली, "अगंबाई, केवढा पांढराशुभ्र! कुणी दिला?" चंपाबाईने कांदामिरची घालून भात फोडणीला टाकला आणि दोघींना वाढला. "कणीचा आहे, पण गोड आहे हो," ती म्हणाली. आम्रपालीने ताटातला शेवटचा दाणा उचलून खाल्ला. टाकायची तिची हिंमत नव्हती.

डबा घासताना चंपाबाईला बुडावरची अक्षरं दिसली. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली, निम्मी झिजलेली. तिने तो खिडकीकडे धरला आणि वाचलं, "चि. सौ. कां. इंदू हिस, मामाकडून."

"लग्नातला आहे गं बाईचा," ती म्हणाली. "हा परत द्यायलाच हवा. पण रिकामा देऊ नकोस हं. यात काय घालून देणार आहेस?"

लाडू? साखर? चिवडा? काय घातलं म्हणजे तो डबा रिकामा ठरणार नाही, ते आम्रपालीला सुचेना.

मार्चमध्ये संस्थेने कातळदऱ्याचं काम बंद केलं. अहवालात 'शेतकऱ्यांमध्ये बाजारपेठेविषयी जागृतीचा अभाव' असं कारण लिहिलेलं होतं, आणि त्या अहवालाखाली आम्रपालीची सही होती. डबा ओट्यावरच्या फळीवर पालथा आहे. चंपाबाई रविवारी भांडी लावताना तो पुसते आणि विचारते, "अगं, त्या बाईचा डबा द्यायचा राहिलाय ना?"

"देईन," आम्रपाली म्हणते. "पुढच्या रविवारी जाईन."